भिंतीतली ओल: लपलेली गळती शोधण्यापासून भिंत पुन्हा रंगवण्यापर्यंत

भिंतीवर ओलीचा डाग दिसला की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वर रंगाचे दोन हात मारतो आणि काही महिन्यांत तोच डाग आणखी पसरून पुन्हा उमटतो. मग प्लंबर येतो. तो डाग आहे तिथेच भिंत फोडतो आणि आत पाइप खडखडीत कोरडा निघतो. दोघंही आपापलं काम नीट करतात, पण क्रम उलटा झालेला असतो. पाणी कुठून येतंय हे ठरल्याशिवाय छिन्नी लावायची नाही आणि भिंत आतून वाळल्याशिवाय रंग लावायचा नाही, एवढं पाळलं तर भिंत एकदाच फोडावी लागते.

सगळ्यात आधी वीज

डाग स्विचबोर्ड, छतातला दिवा, पंख्याचा हुक किंवा गिझरचा पॉइंट यांच्या जवळ असेल तर त्या सर्किटचा एमसीबी लगेच खाली करा. वायरिंगसाठी भिंतीत आणि स्लॅबमध्ये टाकलेल्या नळ्या पाण्याला आयती वाट देतात, त्यामुळे दुसऱ्या खोलीतली गळती दिव्याच्या होल्डरमधून ठिबकू शकते. असं ठिबकताना दिसलं तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत तो चालू करू नका. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) वरचेवर पडत असेल आणि कुठलंही उपकरण दोषी सापडत नसेल, तर भिंतीतल्या ओलीचाही विचार करा. कधी कधी डाग उमटायच्या आधी तीच खबर देते.

फॉल्स सीलिंगला फुगवटा आला असेल तर त्याच्या वर पाणी साठलेलं असतं, आणि भिजलेला जिप्समचा पत्रा अचानक खाली येतो. वीज बंद करा, खालचं सामान हलवा, बादली ठेवा आणि बाजूला उभं राहून फुगवट्याला बारीक भोक पाडून पाणी हळूहळू उतरवा.

ओल कधी वाढते ते टिपा

या पायरीला खर्च नाही, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. साधी पेन्सिल घ्या, डागाच्या कडेने रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवी रेघ मारा. चार-पाच दिवसांत भिंतीवर नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळं तयार होतात. कुठल्या बाजूला रेघा दूर दूर आहेत, म्हणजे ओल कुठे वेगाने सरकतेय, ते त्यांत दिसतं. रोज एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून फोटोही काढून ठेवा. पुढे शेजाऱ्यांशी किंवा विमा कंपनीशी बोलायची वेळ आली तर ते कामी येतात.

मग डागाचं वागणं बघा. रात्रंदिवस, घरात कुणी नसतानाही तो वाढत असेल, तर संशय दाबाच्या लाइनवर घ्या, म्हणजे टाकीतून नळापर्यंत पाणी आणणाऱ्या पाइपवर. आंघोळी आणि कपडे धुणं झाल्यावर काही तासांनी ओल वाढते आणि घर दोन दिवस बंद राहिलं की कमी होते, तर निचऱ्याचा पाइप किंवा बाथरूमची जमीन तपासा. फक्त पावसात येणारी ओल गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीच्या कडेची असते आणि तिथे प्लंबरचं काम नसतं. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत सलग पट्टा असेल आणि त्यावर पांढरा लोणा फुललेला असेल, तर ओल बहुधा इमारतीच्या पायातून वर चढतेय.

कपाटामागे, थंड कोपऱ्यात, हवा खेळत नाही अशा जागी ओल असेल तर ती हवेतल्या बाष्पाचीही असू शकते. याची पडताळणी सोपी आहे. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि २४ तासांनी पाहा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ते हवेतलं बाष्प. भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे असतील तर दोन्ही कारणं एकत्र असू शकतात, आणि असं अनेकदा असतं.

आणखी काही खुणा नोंदवा: लादीचा एखादाच पट्टा पायाला कोमट लागणं (गरम पाण्याची लाइन), कुणी गरम पाणी वापरत नसताना गिझर वरचेवर सुरू होणं, दाराच्या चौकटीचा तळ काळा पडणं, लाकडी जमीन मधून उचलणं, लादीवर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येणं.

डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

पाणी सरळ खाली येत नाही. ते स्लॅबच्या उतारावर वाहतं, सळईच्या कडेने सरकतं, वायरिंगच्या नळीत शिरतं, लादीखालच्या सिमेंटच्या मसाल्यात पसरतं आणि जिथे भेग किंवा सच्छिद्र गिलावा सापडेल तिथे बाहेर पडतं. त्यामुळे छतावरचा डाग गळतीपासून दोन-तीन मीटर दूर असणं अगदी नेहमीचं आहे.

बाथरूमची गोष्ट आणखी वेगळी. जिथे स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा भराव टाकलेला असतो, तिथे तो भरावच पाणी धरून ठेवतो. गळती सुरू झाल्यावर पहिले कित्येक दिवस खाली काहीच दिसत नाही, कारण पाणी भरावात जिरत असतं. याचीच दुसरी बाजू म्हणजे पाइप दुरुस्त झाल्यावरही खालच्या छतातून ठिबकणं लगेच थांबत नाही. भरावात साठलेलं पाणी निथळायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. हे माहीत नसलं की चांगली झालेली दुरुस्ती फसली असं वाटून लादी पुन्हा उखडली जाते. दुरुस्तीनंतर ठिबकण्याचा वेग रोज कमी होतोय का, ते मोजा. खाली भांडं ठेवून तासाला किती पाणी जमतं ते लिहा. आकडा उतरता असेल तर धीर धरा.

दाबाच्या लाइनची तपासणी

पाण्याचं मीटर असेल तर काम सोपं आहे. रात्री सगळे नळ बंद करा, वॉशिंग मशीन आणि पाण्याचं फिल्टर यांचे कॉकही बंद करा आणि मीटरचे सगळे आकडे, लाल काट्यासकट, फोटोत टिपा. अनेक मीटरवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोण असतो. तो अगदी बारीक प्रवाहावरही फिरतो, म्हणून आधी त्याच्याकडे एक-दोन मिनिटं एकटक बघा. दोन तासांनी पुन्हा आकडे घ्या. दोन तासांत ४ लिटर गेले असतील तर दिवसाला ४८ लिटर पाणी तुमच्या भिंतीत, जमिनीत किंवा गटारात जातंय. मीटरच्या पुढे गच्चीवरची टाकी असेल तर तिचा बॉल कॉक पूर्ण बंद झालेला हवा, नाहीतर टाकी भरण्याचं पाणी गळती म्हणून मोजलं जाईल.

मीटर नसेल तर टाकीच वापरा. टाकीत येणारा कॉक बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आधी पातळी बघा.

पाणी कमी झालं म्हणून लगेच भिंतीवर संशय घेऊ नका. आधी फ्लश टँक तपासा. टँकच्या पाण्यात खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग कमोडमध्ये उतरला तर टँकच्या तळाची रबरी झडप किंवा सील गळतंय. ही गळती भिंत ओली करत नाही, पण मीटरची तपासणी मात्र चुकवते. ती दुरुस्त करून पुन्हा आकडे घ्या.

तरीही पाणी जात असेल तर एकेका भागाचं पाणी बंद करत जा. घराचा मुख्य कॉक बंद करा. मीटर थांबलं तर गळती कॉकच्या पुढे, घरात आहे. फिरतच राहिलं तर मीटर आणि कॉक यांच्या मधल्या पाइपमध्ये. (जुना कॉक स्वतःच पूर्ण बंद होत नसेल तर हा निष्कर्ष चुकतो. म्हणून कॉक बंद करून नळ उघडा आणि धार खरोखर थांबते का ते पाहा.) नंतर मुख्य कॉक उघडा आणि फक्त गिझरला जाणारा कॉक बंद करा. आकडा थांबला तर दोष गरम पाण्याच्या बाजूला. मग एकेका बाथरूमचा, स्वयंपाकघराचा कॉक बंद करत जायचं. या क्रमाने संपूर्ण घरातून एका भिंतीपर्यंत पोहोचता येतं.

शेवटची खात्री प्लंबरने करायची. संशयित लाइनची सगळी तोंडं प्लग लावून बंद करायची, हातपंपाने पाणी भरून दाब साधारण रोजच्या दाबाच्या दीडपट चढवायचा आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघायचा. पाइपमधली हवा आधी पूर्ण काढलेली हवी. काटा उतरत राहिला तर गळती त्याच लाइनमध्ये आहे. रोजचा दाब किती याचा अंदाज टाकीच्या उंचीवरून येतो: नळापेक्षा टाकी १० मीटर उंच असेल तर दाब सुमारे १ बार. प्रेशर पंप लावलेला असेल तर तो जास्त असतो, आणि जुन्या लाइनला पंप जोडल्यानंतर गळत्या सुरू होण्याचं कारण बहुधा तेच असतं.

निचऱ्याची तपासणी

सुरुवात सिंकपासून करा. नुसता नळ सोडून खाली बघितलं तर काही कळत नाही, कारण बारीक धारेचा सांध्यांवर भार येत नाही. सिंक काठोकाठ भरा, म्हणजे वरचं ओव्हरफ्लोचं भोकही तपासलं जाईल, आणि मग बूच एकदम काढा. पाणी जोरात उतरत असताना वेस्ट कपलिंग (सिंकच्या तळाचा निचऱ्याचा जोड), बॉटल ट्रॅप (त्याखालचा बाटलीच्या आकाराचा, पाणी धरून ठेवणारा भाग) आणि भिंतीत जाणारं तोंड या तिन्ही जागी कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. याच कागदाने अँगल कॉक (भिंतीतून बाहेर येणारा छोटा कॉक) आणि लवचिक कनेक्शन पाइपचे नटही पुसून बघा. सिंकखालच्या कपाटाचा प्लाय फुगलेला असतो तेव्हा दोष बहुतेक वेळा इथेच असतो आणि भिंतीला हात लावायची गरज पडत नाही.

बाथरूममध्ये तीन वेगळ्या शक्यता असतात, त्या वेगवेगळ्या तपासायच्या. प्रत्येक तपासणीनंतर किमान एक दिवस थांबा. सगळं एकाच दुपारी केलं तर कशामुळे ओल आली ते कळत नाही.

१. फक्त पाइप: लादी कोरडी ठेवून फनेल किंवा पाइपने रंग घातलेलं पाणी थेट जाळीखालच्या ट्रॅपमध्ये सोडा, दोन-तीन बादल्या. खाली रंग उतरला तर ट्रॅप किंवा निचऱ्याचा पाइप दोषी.

२. फक्त जमीन: ट्रॅपचं तोंड बूच लावून बंद करा, जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, पातळीवर खूण करा आणि २४ तास तसंच ठेवा. पाणी उंबऱ्यावरून बाहेर जाणार नाही एवढंच भरा. पातळी स्पष्ट घटली आणि खाली ओल आली तर लादीचे सांधे आणि त्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. थोडं पाणी वाफ होऊनही जातं; त्याच्या हिशेबासाठी शेजारी एका उथळ ताटात पाणी ठेवून तुलना करा.

३. फक्त भिंत: ट्रॅप उघडा ठेवून शॉवरचं पाणी भिंतीच्या टाइल्सवर १५-२० मिनिटं मारा. पहिल्या दोन तपासण्यांत काही निघालं नाही आणि आता ओल आली, तर टाइल्समधला ग्राउट (सांध्यांत भरलेला मसाला), नळाच्या फ्लँजमागची (भिंतीलगतच्या चकतीमागची) फट किंवा साबणदाणीचे स्क्रू तपासा.

कमोडच्या तळाभोवती ओल दिसत असेल तर चार-पाच वेळा फ्लश करून कडेला टिश्यू लावा. कमोड हलत असेल तर खालचं सील बहुधा तुटलंय.

यंत्रांचा उपयोग आणि मर्यादा

ओल मोजण्याचं मीटर उपयोगी आहे, पण त्याचा एकेकटा आकडा बघू नका. आधी घरातल्या नक्की कोरड्या भिंतीवर वाचन घ्या आणि मग संशयित भिंतीवर चौकटी आखून वाचनं घेत जा. आकडे ज्या दिशेने चढत जातात, तिकडे सरका. भिंतीत क्षार किंवा धातू असेल तर मीटर कोरड्या जागीही जास्त दाखवतं. लाकडासाठी मात्र आकड्याला अर्थ आहे: ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला तर कुजण्याचा धोका सुरू होतो.

थर्मल कॅमेरा पाणी दाखवत नाही, तो तापमानातला फरक दाखवतो. गरम पाण्याची गळती त्यात छान दिसते. थंड पाण्याची दिसतेच असं नाही. कॅमेऱ्यात दिसलेला गडद पट्टा ओल मोजण्याच्या मीटरने पडताळल्याशिवाय भिंत फोडू देऊ नका.

फोडणं आणि दुरुस्ती

मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून लाइन रिकामी करा आणि भोक लहान ठेवून सुरुवात करा. आतला मसाला ज्या बाजूला जास्त ओला, त्या बाजूला वाढवत जा. पाइपच्या सरळ भागापेक्षा एल्बो (वळणाचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड) आणि नळासाठीचे आट्याचे सांधे आधी उघडा, बहुतेक गळत्या तिथेच असतात. सीपीव्हीसीमध्ये (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपमध्ये) पितळी आट्यांचा सांधा जास्त आवळल्याने तडकतो. लोखंडी पाइपमध्ये आटे कापलेल्या जागी धातू पातळ झालेला असतो, म्हणून गंज तिथून आत खातो.

दाबाच्या लाइनवर वरून लांबी (पुट्टी), इपॉक्सी किंवा टेप गुंडाळून भिंत बंद करायला ठाम नकार द्या. ती रात्रीपुरती सोय आहे. खराब तुकडा कापून नवा बसवायचा, आणि सीपीव्हीसी असेल तर सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण झाल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. घाईने सोडलेलं पाणी नव्या सांध्यातच पुढच्या गळतीची सुरुवात करतं.

भिंत उघडी असतानाच लाइन दाबाखाली २४ तास ठेवा. सांध्यांवर टिश्यू फिरवा. मीटरची रात्रीची तपासणी पुन्हा करा. सगळं कोरडं निघालं की पाइपशेजारी मापाची टेप धरून फोटो काढा: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे आरसा टांगायला भोक पाडताना हाच फोटो पाइप वाचवतो.

लाइन जुन्या लोखंडाची असेल आणि थोड्या थोड्या अंतराने वेगवेगळ्या जागी गळत असेल, तर तुकडे बदलत बसू नका. नवी लाइन टाका, शक्य तिथे ती भिंतीबाहेरून किंवा उघडता येणाऱ्या झाकणामागून न्या. दिसायला कमी छान, पण पुढची गळती त्याच दिवशी दिसते.

वाळवणं

गळती थांबली तेव्हा अर्धंच काम झालेलं असतं. भिजलेल्या वस्तूंवर बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते, म्हणून जे लगेच सुकवता येतं ते आधी सुकवा: गाद्या, चटया, कपाटातलं सामान. भिंतीपासून फर्निचर हातभर दूर घ्या. सुटलेला गिलावा, फुगलेली पुट्टी आणि तेलरंगाचा थर खरवडून काढा, कारण हे थर ओल आत कोंडतात.

पंख्याची हवा भिंतीच्या पृष्ठभागावरून तिरपी वाहील असा तो लावा. बाहेरची हवा कोरडी असेल तरच खिडक्या उघडा; दमट दिवसांत उघड्या खिडकीतून ओल आतच येते. अशा वेळी दारं-खिडक्या बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालवा आणि खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमलं तर ५०च्या आसपास ठेवा. हीटरने भिंत तापवू नका. वरचा थर पटकन सुकून तडे जातात आणि आतली ओल तशीच राहते.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या जाडीला दर इंचाला महिनाभर असा जुना अंदाज आहे. जाड भिंतीला काही महिने लागले तर त्यात वावगं नाही. वाळताना पांढरे क्षार बाहेर येतील. ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण विरघळून ते पुन्हा आत जातात.

बुरशी आणि टाकून द्यायच्या वस्तू

बुरशीचा पट्टा साधारण तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असेल तर स्वतः साफ करता येतो. त्याहून मोठा असेल, घरात दमा असलेलं कुणी असेल किंवा पाणी सांडपाण्याचं असेल तर जाणकार माणसं बोलवा. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घाला. कोरडी बुरशी ब्रशने झाडू नका, त्याने बीजाणू घरभर उडतात. टाइल, काच, धातू यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण कोरडी करा. ब्लीच वापरायचंच असेल तर ते ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरबरोबर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतात.

बुरशी लागलेला जिप्समचा पत्रा, फुगलेला पार्टिकल बोर्ड, भिजलेलं फोम यांत बुरशी आतपर्यंत गेलेली असते. ते काढून टाका. सांडपाण्याने भिजलेली गादी आणि गालिचा कितीही वाळवला तरी ठेवू नका. सागवानासारखं भरीव लाकूड बहुतेक वेळा वाचतं, फक्त ते सावलीत, सावकाश वाळवायला हवं.

इंजिनिअर कधी बोलवायचा

छतावरचा डाग तांबूस-तपकिरी असेल, सळईच्या रेषेत तडे असतील किंवा काँक्रीटचे ढलपे पडत असतील तर प्लंबर पुरे नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. नुसता गिलावा लिंपून हे झाकणं धोक्याचं आहे. त्या जागेखाली झोपणं-बसणं बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

वरच्या मजल्याशी आणि विमा कंपनीशी बोलताना

वरच्यांच्या दारात तक्रार घेऊन जाण्याआधी तारखांचे फोटो घेऊन जा आणि तपासणी एकत्र करायचं सुचवा: "तुमच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी टाकून बघू या, काही निघालं नाही तर आपण दुसरीकडे शोधू." त्यांच्या डोळ्यांदेखत रंग खाली उतरला की वाद उरत नाही. काय ठरलं ते लेखी ठेवा.

विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान धरलं जातं, पण हळूहळू झिरपून झालेलं वगळलेलं असतं. म्हणून गळती लक्षात आल्याच्या दिवशीच कळवा, आणि काढलेला खराब सांधा फेकून न देता तारीख लिहून पिशवीत जपून ठेवा.

रंग कधी

पेन्सिलच्या रेघा स्थिर राहिल्या, ओल मोजण्याच्या मीटरवर भिंतीचं वाचन कोरड्या भिंतीइतकं आलं आणि प्लास्टिकच्या तुकड्यामागे २४ तासांनी एकही थेंब दिसला नाही, की मग गिलावा, पुट्टी आणि रंग. पहिल्या वर्षी बाष्प बाहेर जाऊ देणारा साधा पाण्यावर आधारित रंग लावा. आतल्या बाजूने पाणी अडवणारा जाड थर लावला तर उरलेली ओल तिथून निघत नाही, ती बाजूच्या किंवा वरच्या कोरड्या भागाकडे वळते. कपाट परत लावताना भिंतीपासून चार बोटं जागा सोडा आणि पाण्याच्या मीटरची रात्रीची तपासणी दर काही महिन्यांनी करत राहा.